रेंजवर बंदूक अडकली तर? नवीन शूटर आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी रेंजवर कोचिंग करते आणि मॅच असली की रेंज ऑफिसर (आरओ) म्हणून उभी राहते. तेच तेच प्रश्न दर बॅचला येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. हे सगळं खेळातल्या शूटिंगबद्दल आहे, म्हणजे १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल, २५ मीटर पॉईंट टू टू (.२२ इंच बोअर) पिस्तूल, ५० मीटर पॉईंट टू टू रायफल. तुमच्या रेंजचे नियम याहून कडक असतील तर तुमच्या रेंजचेच पाळा. आणि वाचून झालं म्हणजे बंदूक स्वतः उघडायला मोकळे, असं नाही हं, शिकायचं ते कोच समोर असतानाच.

प्रश्न: बंदूक अडकली. पहिलं काय करायचं?

नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढून गार्डच्या बाहेर सरळ ठेवायचं, आणि मोकळा हात वर करायचा. बस एवढंच. बाकी सगळं आम्ही येऊन बघतो.

वाचायला सोपं वाटतं पण प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं. बंदूक अडकली की माणूस वळतो. बंदूक अडकल्याने सहसा कुणाला इजा होत नाही, धोका असतो तो त्या वळण्यात. शूटर इतका त्या अडकलेल्या पार्टकडे बघत असतो की आपल्या हातात भरलेलं पिस्तूल आहे हे विसरून "मॅडम हे बघा ना" म्हणत मागे फिरतो, आणि पिस्तुलाची नळी शेजारच्या तीन लेनवरून फिरत माझ्या पोटावर येते. लहान मुलं करतात, पन्नाशीचे लोक करतात, स्टेट खेळलेले पण करतात. म्हणून मी लाईनच्या मागे उभी असते तेव्हा हातांकडे कमी आणि खांद्यांकडे जास्त बघते, कारण नळी फिरायच्या आधी खांदा हलतो, आणि खांदा हलला की मी लगेच "समोर!" म्हणून ओरडते. ओरडले तर वाईट वाटून घेऊ नका, त्या क्षणी प्लीज म्हणायला वेळ नसतो.

घरी सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) लावलेल्या रिकाम्या बंदुकीने कोचच्या सांगण्यावरून ही सवय लावता येते. मान वळली तरी चालेल, नळी आणि खांदा वळता कामा नये. बोलायचं असेल तर समोर बघून मोठ्याने बोला, आम्हाला ऐकू येतं.

प्रश्न: ट्रिगर दाबला, नुसता टिक आवाज आला, राऊंड उडालाच नाही. लगेच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) उघडायचा का?

नाही नाही नाही. थांबायचं.

पॉईंट टू टूच्या राऊंडमध्ये, म्हणजे काडतुसात, पेटणारा मसाला पुंगळीच्या (पितळी कवचाच्या) मागच्या कडेत, म्हणजे रिममध्ये गोल पसरलेला असतो. फायरिंग पिन जिथे आपटली नेमका तिथेच मसाला कमी असेल तर राऊंड पेटत नाही. मोठ्या बोअरच्या सेंटरफायर (मसाला मधोमध असलेल्या) राऊंडपेक्षा रिमफायरमध्ये हे जास्त वेळा होतं, चांगल्या कंपनीच्या मॅच राऊंडमध्ये कमी होतं पण होतं. बऱ्याचदा तो खरंच फुसका असतो. पण क्वचित मसाला हळू पेटतो आणि राऊंड उशिरा उडतो, याला हँगफायर म्हणतात. तेवढ्यात तुम्ही बोल्ट उघडलात तर चेंबरचा, म्हणजे नळीत राऊंड बसतो त्या जागेचा, आधार सुटलेली पुंगळी तुमच्या तोंडासमोर फुटते आणि पितळेचे तुकडे उडतात.

म्हणून नळी समोर धरून निदान ३० सेकंद थांबायचं. मी माझ्या पोरांना पूर्ण मिनिट सांगते, कारण घाबरलेल्या माणसाचे ३० सेकंद दहा सेकंदातच संपतात. मग बोल्ट किंवा स्लाईड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग) उघडायची, उघडताना तोंड इजेक्शन पोर्टच्या (पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीच्या) रेषेत आणायचं नाही, राऊंड बाहेर काढायचा आणि त्याच्या रिमवर पिनची खूण बघायची. खूण खोल असेल तर दोष राऊंडचा. खूण हलकी असेल किंवा नसेलच तर बंदुकीकडे बघायचं, बोल्टमध्ये मेण आणि कार्बन साचलेला असतो, स्प्रिंग थकलेली असते, नाहीतर पिन झिजलेली असते. एका डब्यातले लागोपाठ दोन तीन राऊंड फुसके निघाले तर तो डबा बाजूला ठेवा, ट्रेनिंग वाया गेलं तरी चालेल.

प्रश्न: आवाज आला पण बारीकसा, 'फुस्स' असा. टार्गेटवर खूण पण नाही. पुढचा शॉट मारू का?

या अख्ख्या पानावर एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. मारायचा नाही.

मसाला पेटला पण बारूद नीट जळलीच नाही किंवा कमी होती, की गोळीला नळीच्या बाहेर पडायला पुरेसा जोर मिळत नाही आणि ती नळीतच अडकून बसते. याला स्क्विब म्हणतात. आता मागून दुसरी गोळी आली की पुढे वाट बंद, सगळं प्रेशर तिथेच कोंडतं, नळी फुगते, कधी फाटते. फुगलेली नळी म्हणजे ती नळी संपली. फाटली तर हात आणि डोळे.

ओळखायचं कसं? आवाज नेहमीपेक्षा कमी, धक्का कमी, सेमी ऑटो पिस्तूल असेल तर स्लाईड पूर्ण मागे जात नाही, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या मॉनिटरवर शॉट येत नाही. फसगत होते ती स्लाईडमुळे. शूटरला वाटतं साधा जॅम आहे, तो स्लाईड ओढतो, नवीन राऊंड चेंबरमध्ये जातो आणि लगेच ट्रिगर दाबला जातो. रॅपिडच्या, म्हणजे भराभर मारायच्या सिरीजमध्ये तर हाताला सवय असते, डोकं मागे राहतं. कानावर मफ असल्याने आवाजातला फरक पण नीट कळत नाही, म्हणून हाताला धक्का कसा बसला ते ध्यानात ठेवायची सवय लावा. काहीही वेगळं वाटलं की थांबा आणि हात वर करा. मॅगझिन काढून, चेंबर रिकामं करून, नळीतून रॉड आरपार जातो का बघितल्याशिवाय त्या बंदुकीत दुसरा राऊंड जाता कामा नये. अडकलेली गोळी काढायचं काम पितळी रॉडने जाणकार माणूस करतो, दुसरी गोळी मारून पहिली ढकलायची आयडिया कुणी दिली तर त्या माणसापासून लांब राहा.

प्रश्न: पुंगळी स्लाईडमध्ये उभी अडकते, चुलीच्या धुराड्यासारखी. माझ्याच पिस्तुलात का होतं?

इंग्रजीत त्याला स्टोव्हपाईप म्हणतात. पुंगळी बाहेर फेकली जायच्या आधीच स्लाईड पुढे येते आणि तिला चिमटीत पकडते. कारणं बरीच आहेत. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढणाऱ्या पार्टच्या) नखाखाली घाण, इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा पार्ट) झिजलेला, राऊंडला त्या पिस्तुलासाठी पुरेसा जोर नाही, किंवा शूटरचं मनगट ढिलं आहे म्हणून स्लाईडचा धक्का हातानेच खाल्ला. नवीन मुलींना आणि बारीक चणीच्या मुलांना लोक पटकन "तुझं मनगट कमजोर" म्हणून मोकळे होतात, पण आधी एक्स्ट्रॅक्टर साफ करून बघा, अर्ध्याहून जास्त वेळा प्रश्न तिथेच सुटतो हा माझा अनुभव.

दुसरी नेहमीची भानगड म्हणजे राऊंड चेंबरमध्ये चढतच नाही, नाक खालीच अडकतं. यात बहुतेक वेळा मॅगझिनचा दोष असतो. मॅगझिन एकदा सिमेंटवर पडलं की त्याचे वरचे ओठ किंचित वाकतात, डोळ्याला दिसतही नाही. मॅगझिनवर नंबर टाका आणि कुठल्या नंबरला जॅम होतो ते डायरीत लिहा. दोन आठवड्यात चोर सापडतो.

आणि दोन राऊंड एकाच वेळी चेंबरकडे घुसले असतील तर स्लाईड झटके देऊन ओढत बसू नका. मागचा राऊंड पुढच्याच्या रिमवर दाबला जात असतो आणि मसाला रिममध्येच असतो, वर सांगितलंच आहे. मॅगझिन काढायचं, आणि ते निघत नसेल तर हात वर.

प्रश्न: व्हिडिओत दाखवतात तसं मॅगझिनला खालून थाप मारून, स्लाईड ओढून पुढे चालू ठेवलं तर?

ते पोलीस आणि लष्कराचं ट्रेनिंग आहे, तिथे थांबणं जास्त धोक्याचं असतं. रेंजवर तुमच्यावर कुणी धावून येत नाहीये. इथे वेळ आहे, आणि स्क्विब असेल तर याच पद्धतीने नळी फुटते.

प्रश्न: रायफलचा बोल्ट बंद होत नाहीये, जरा जोर लावू?

नको. चेंबरच्या तोंडाशी मेणाचा गोळा, शिशाचा तुकडा नाहीतर आधीची पुंगळी असते. मॅच राऊंडवर मेणासारखं वंगण असतं, ते हाताला चिकटतं, त्याला मातीचे कण चिकटतात आणि ते सगळं चेंबरमध्ये जातं, म्हणून राऊंड मॅटवर सांडू नका, लाकडी ब्लॉकमध्ये उभे ठेवा. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून जोर लावताना कोपर घसरतं आणि नळी वर जाते, हे पण लक्षात घ्या.

प्रश्न: आमचा मुलगा फक्त एअर रायफल मारतो. त्याला पण एवढे नियम कशाला?

आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्सनुसार ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूल एनर्जीपर्यंतच्या एअर गनला लायसन्स लागत नाही, त्यामुळे घरात ती खेळणं म्हणून येते. पण मॅचच्या एअर रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. डोळ्यात गेला तर डोळा गेला, दुसरं काही होत नाही तिथे. आणि आवाज बारीक म्हणून भीती मोडलेली असते, हे मला पॉईंट टू टूपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. पॉईंट टू टूच्या रेंजवर नवीन पोरगं आपोआप सावध असतं. दहा मीटरच्या हॉलमध्ये मुलं गप्पा मारत नळी इकडेतिकडे करतात आणि पालक मागे चहा पित बघत असतात.

क्लबच्या जुन्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुका असतात त्यांची वेगळी काळजी. नळी खाली मोडलेली असताना ट्रिगर सुटला तर नळी फटकन वर येते, बोटं चेंबरपाशी असतात. छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, कायम. आणि त्या बंदुकीत छर्रा नसताना ट्रिगर दाबायचा नाही, आतला पिस्टन थेट आपटतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही जातात.

प्रश्न: छर्रा भरला होता की नाही आठवत नाही. दुसरा भरू का?

ही खूप कॉमन गोष्ट आहे. छर्रा भरला, तेवढ्यात "स्टॉप" आलं किंवा आईचा आवाज आला, लक्ष उडालं, परत सुरू केलं आणि परत भरला. आता नळीत दोन. कधी दोन्ही एकदम बाहेर पडतात आणि टार्गेटच्या खाली लागतात, कधी दोन्ही अडकतात. मग पोरगं तिसरा भरून बघतं.

शंका आली की भरायचं नाही, हात वर. ट्रेनिंगमध्ये आरओ सांगेल तेव्हा समोर एक शॉट सोडून खात्री करता येते. मॅचमध्ये मनाने काही सोडू नका, कारण मॅचचा पहिला शॉट झाल्यानंतर छर्रा नसताना हवा सुटली तर तो शॉट शून्य धरला जातो.

अडकलेला छर्रा पेचकस, सायकलची तार, विणकामाची सुई असल्या कशानेही काढू नका. नळीतली रायफलिंग (आतल्या पिळाच्या खाचा) ओरखडली की ग्रुपिंग (शॉट एका जागी पडणं) कायमचं गेलं. क्लीनिंगसाठी फेल्टचे छर्रे मारत असाल तर मोजून मारा, एखादा आत राहिला आणि वरून शिशाचा भरला की परत तीच कथा.

प्रश्न: एअर गनच्या हवेच्या सिलेंडरमधून हवा लीक होते. ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) घरी बदलली तर चालेल?

त्या छोट्या नळकांड्यात २०० बार प्रेशर असतं. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असतं, एवढं सांगितलं की पालक गप्प होतात. जोडाची ओ-रिंग बदलणं अवघड नाही, पण ते सिलेंडर बंदुकीपासून पूर्ण सोडवून, कंपनीची ओ-रिंग वापरून, आणि एकदा कुणीतरी हात धरून शिकवल्यावर. सिलेंडर निघत नसेल तर पान्हा लावायचा नाही. जोडावर साधं तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, दाबाखालच्या हवेत तेल पेटू शकतं, कंपनी सांगते तेवढंच सिलिकॉनचं वंगण. भरायची ती कोरडी हवाच, ऑक्सिजनचा सिलेंडर कुणी फुकट देतो म्हणाला तरी तो लावायचा नाही, तिथे स्फोट होतो.

आणि सिलेंडरवर तारीख असते ती बघा. इंटरनॅशनल नियमात मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ती बघायची जबाबदारी शूटरचीच. सेकंडहँड पिस्तूल घेताना लोक ग्रिप बघतात, ट्रिगर बघतात, सिलेंडरची तारीख बघत नाहीत आणि मग इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचआधीच्या बंदुकीच्या तपासणीला) अडकतात.

प्रेशर मीटरचा काटा मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान आकड्याच्या खाली गेला की शॉट खाली पडायला लागतात. मुलं साईट फिरवत बसतात. आधी काटा बघा.

प्रश्न: सेफ्टी फ्लॅग नेहमी लावायलाच हवा का? सेफ्टी लॉक आहे की.

बऱ्याच मॅच बंदुकांना सेफ्टी लॉक नसतंच, आणि असलं तरी तो एक यांत्रिक पार्ट आहे, तो पण झिजतो. फ्लॅगमुळे चेंबर रिकामं आहे हे लांबून सगळ्यांना दिसतं. एअर गनसाठी फ्लॅगची दोरी नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार गेली पाहिजे, म्हणजे आत छर्रा राहिला असेल तर तिथेच कळतं. गवत कापायच्या ट्रिमरची दोरी कापून स्वस्तात होतो, भगव्या नाहीतर चटकदार रंगाची घ्या.

प्रश्न: 'स्टॉप' म्हटलं तेव्हा मी ट्रिगरवरच होतो, एक शॉट सोडला तर काय बिघडतं?

समोर कोण आहे ते तुम्हाला माहीत नसतं. साईटमधून तुम्हाला एक काळा गोल दिसतो, बाकी जग दिसत नाही. आणि आपल्याकडच्या जिल्ह्याच्या बऱ्याच रेंजवर अजून दोरीवर किंवा छोट्या मोटरवर चालणारे टार्गेट चेंजर आहेत, ते अडकतात, कागद निसटतो, आणि मग कुणीतरी "एक मिनिट" म्हणत पुढे चालायला लागतं. रेंजवरचा सगळ्यात वाईट मिनिट तो. पुढे कुणी जायच्या आधी सगळ्या लेनच्या बंदुका रिकाम्या, फ्लॅग लावलेल्या, टेबलावर नळी टार्गेटकडे करून ठेवलेल्या, आणि सगळे शूटर एक पाऊल मागे. माणूस पुढे असताना बंदुकीला हात नाही, साईट पुसायला नाही, बॅगेत भरायला पण नाही. दोरी कुणाचीही अडकू दे, शेजारच्या लेनचा भाऊ असू दे.

आणि "स्टॉप" फक्त रेंज ऑफिसरनेच म्हणायचं असं नाही. काही धोक्याचं दिसलं तर दहा वर्षांच्या मुलानेही ओरडावं. चुकीचं निघालं तर एक सिरीज पुढे ढकलली जाईल.

प्रश्न: मॅचमध्ये पिस्तूल अडकलं तर शॉट परत मिळतो का?

२५ मीटर पिस्तुलात मिळू शकतो, पण सगळं पहिल्या दोन सेकंदात तुम्ही काय केलं त्यावर आहे. बंदुकीला हात न लावता, नळी समोर ठेवून, हात वर करून आरओला बोलावलंत तर तो तपासतो. राऊंड फुसका निघाला, गोळी नळीत अडकली, पुंगळी बाहेर आली नाही, पिन तुटली, एखादा पार्ट जॅम झाला, हे धरलं जातं. आणि धरलं जात नाही ते काय? सेफ्टी काढलीच नव्हती, राऊंड भरलाच नव्हता किंवा कमी भरले, मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, चुकीचा राऊंड होता, आधीच्या शॉटनंतर ट्रिगर पुरता पुढे सोडला नाही. सगळ्यात जास्त लोक मार खातात ते पुढच्या कारणाने, आरओ यायच्या आधी स्लाईडला हात लावला. खरा जॅम होता, राऊंड खरंच खराब होता, पण शूटरने ओढून बघितलं आणि पुरावा जमिनीवर पडला. मग न मारलेले शॉट शून्य. जी सवय सुरक्षित तीच मार्क वाचवते, त्यामुळे ट्रेनिंगमध्येही मी हाच ड्रिल घेते, फुसका राऊंड मधेच भरून ठेवते आणि बघते कोण हात वर करतं.

प्रश्न: आणि १० मीटरला?

तिथे बंदूक दुरुस्त करायला किंवा बदलायला परवानगी मिळते पण तुमचं घड्याळ थांबत नाही. ६० शॉटना ७५ मिनिटं, त्यातूनच सगळं करायचं. टोकियो ऑलिम्पिकला, २५ जुलै २०२१ ला, मनू भाकरचं पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मध्येच बिघडलं, दुरुस्तीत पंधरा मिनिटांच्या वर गेली आणि उरलेल्या वेळात घाईने मारून तिने ५७५ केले, बाराव्या नंबरवर राहिली, फायनल थोडक्यात हुकली. लोकांनी तेव्हा तिला काय काय बोललं ते आठवून मला अजून राग येतो. तीच मुलगी पॅरिस २०२४ ला दोन ब्राँझ घेऊन आली. तुमच्यासाठी घेण्यासारखं हे की पिस्तुलाचे नाजूक पार्ट, कॉकिंग लिव्हर, ट्रिगरची बॅटरी, ओ-रिंग, हे मॅचच्या आदल्या आठवड्यात तपासा, आदल्या रात्री नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी घालून निदान एक पूर्ण ट्रेनिंग मारा. आणि जमलं तर क्लबमध्ये दोघांनी मिळून एक स्पेअर पिस्तूल कंट्रोलमधून पास करून ठेवा.

प्रश्न: चुकून शेजारच्याच्या टार्गेटवर मारलं तर?

मॅच शॉट असेल तर तुमचा मिस. हे मोठ्यांनाही होतं. अथेन्स २००४ ला ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सने आघाडीवर असताना शेवटचा शॉट शेजारच्या टार्गेटवर मारला आणि सोन्यावरून आठव्या नंबरवर गेला. रायफल उचलण्याआधी लेनचा नंबर वाचायचा, दर शॉटला.

प्रश्न: ट्रिगर जड वाटतो, व्हिडिओ बघून स्क्रू फिरवला. आता पिस्तूल कधीकधी आपोआप उडतं.

ते पिस्तूल आजपासून बंद, आत्ता. सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) पूर्ण पकडत नाहीये, म्हणजे आतला घोडा केसाएवढ्या धातूवर टेकून उभा आहे आणि स्लाईड बंद झाल्याच्या हिसक्याने पण सुटू शकतो. कधी एका दाबात दोन राऊंड जातात, आणि दुसरा जातो तेव्हा नळी उसळलेली असते, तो बॅकस्टॉपच्या (टार्गेटमागे गोळ्या अडवणाऱ्या भिंतीच्या) वरून जाऊ शकतो. पॉईंट टू टूच्या बऱ्याच डब्यांवर गोळी दीड मैलापर्यंत धोक्याची असा इशारा छापलेला असतो तो उगाच नाही. नियमाने २५ मीटर पिस्तुलाला ट्रिगर किमान १००० ग्रॅम आणि एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम हवा, वजन लावून बघा. सेट करायचं काम गनस्मिथ किंवा अनुभवी कोचचं.

प्रश्न: पावसाळ्यात एवढे जॅम का होतात?

कोकण, कोल्हापूर, मुंबई, जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. बंदूक बॅगेतल्या फोममध्ये ठेवली की फोम ओल धरून ठेवतो आणि दोन दिवसात बोल्टवर तांबूस ठिपके येतात. मग लोक तेल ओततात, आणि ते तेल चेंबरमध्ये, मॅगझिनमध्ये, राऊंडवर जातं. तेल शिरून खराब झालेला राऊंड म्हणजे परत फुसका किंवा स्क्विब. तेलाचा हात पुसट हवा, कोरड्या फडक्याने परत पुसायचं, आणि मारायच्या आधी नळीतून कापडाचा एक कोरडा पॅच काढायचा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. राऊंड झाकणाच्या घट्ट डब्यात. कारमध्ये एसीत ठेवलेली बंदूक बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, दहा पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, मग पुसा.

प्रश्न: कपडे, चष्मा, कान याबद्दल काही?

पॉईंट टू टूला डोळ्यांवर न फुटणारा चष्मा आणि कानात प्लग नाहीतर वर मफ, शूटरला आणि मागे उभ्या सगळ्यांना. गळा बंद असलेला टीशर्ट घाला. हे ऐकून मुली हसतात, पण गरम पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस पिस्तुलासकट नाचतो आणि तेव्हा नळी कुठे आहे याचं भान कुणालाच नसतं. पुंगळी आत गेली तर भाजू द्या, आधी पिस्तूल टेबलावर.

शिशाचंही बघा. छर्रे तोंडात धरून भरायची सवय काही जुन्या लोकांना आहे, मुलांना अजिबात लावू नका. लेनवर खाणं नाही, घरी जायच्या आधी साबणाने हात धुवा, आणि रेंजचा झाडू कोरडा मारू नका, शिशाची धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न: फुसके निघालेले राऊंड परत ट्राय करू की फेकून देऊ?

दोन्ही नको. रेंजवर यासाठी वेगळा डबा असतो, त्यात टाका आणि रजिस्टरला लिहून घ्या, कारण राऊंडचा हिशोब लायसन्सवर द्यायचा असतो. रिम फिरवून परत मारला की कधीकधी उडतो हे खरं आहे, पण ज्या राऊंडने एकदा दगा दिला तो दुसऱ्यांदा अर्धवटही पेटू शकतो, आणि एवढी महाग नळी एका राऊंडसाठी पणाला लावायची नाही. खिशात तर ठेवूच नका, कपड्यांबरोबर धुवायला जातात, आणि कचऱ्यात टाकलेला राऊंड कचरा पेटवणाऱ्याच्या समोर फुटतो. डबा नसेल तर क्लबच्या सेक्रेटरींना सांगून ठेवून घ्या, झाकणाचा एक जुना पत्र्याचा डबा आणि त्यावर लाल रंगात "न उडालेले" एवढं लिहिलं की काम झालं.